चेहरा बघून ये

मी सिंगापूरला निघालो त्या दिवशी अण्णांनी माझ्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. कराडच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली होती. माझी थोरली बहीण अक्का नाक पुसत उभी होती आणि अण्णा गाडीच्या मागच्या चाकावर बुक्क्या मारून हवा तपासत होते. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून उभा जन्म काढलेला माणूस. रिटायर होऊन वर्षं झाली, तरी स्टँडवर पाय ठेवला की चाकं बडवल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. ड्रायव्हरला त्यांनी डावीकडचं चाक दाखवलं, त्याच्याशी थोडी हुज्जत घातली, मग माझ्याकडे वळले. मी पाया पडलो. पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाले, "तिथं चार माणसांत बसत जा. खोलीत कोंडून घेऊ नकोस." गाडी हलली तेव्हाही ते चाकाकडेच बघत होते.

अण्णा मला ओळखून होते. मी मुळातलाच माणूसघाण्या. पुण्यात इतकी वर्षं नोकरी केली, पण शेजारच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांचं नाव मला कळलं ते मी जागा सोडताना. बायकोचा, अश्विनीचा, इथं राहायचा पास व्हायला वेळ लागणार होता, म्हणून मी एकटाच आलो. ऑफिस बुओना व्हिस्टाला आणि खोली पार हौगांगमध्ये, कारण तिथं परवडत होतं. एचडीबी म्हणजे इथली सरकारी वसाहत, तिथल्या फ्लॅटमधली एक खोली. घरमालकीण चांगली होती, पण स्वयंपाक करायचा नाही ही तिची अट. फोडणीच्या वासाची तिला धास्ती. त्यामुळे जेवायला खाली उतरावंच लागायचं. नाहीतर अण्णांचा शब्द मी पहिल्याच आठवड्यात मोडला असता.

खाली कॉफीशॉप होतं. नावाला कॉफीशॉप. सकाळी कॉफी, दुपारी भात आणि नूडल्स, आणि चार वाजले की निम्म्या टेबलांवर बियरच्या मोठ्या बाटल्या. गुत्ता म्हणाल तर गुत्ता नाही, बार म्हणाल तर बार नाही. शेजारच्या टेबलावर शाळेतली पोरं गृहपाठ करत असतात. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाला काहीतरी लिही म्हणून आमच्या अध्यक्षीणबाई मागे लागल्या आहेत. त्यांना बागा, स्वच्छता, शिस्त असलं काहीतरी हवं असणार. पण मला सिंगापूर म्हटलं की ते डगमगणारं टेबल आठवतं आणि त्यावरची तीन माणसं. तुम्ही गावाकडचे आणि तुम्ही इथं आलेले, दोघांनीही आता हे गोड मानून घ्या.

पहिला आ हुआत. सत्तरी ओलांडलेला, बंदरावर क्रेन चालवायचा. शर्टाची वरची तीन बटणं कायम उघडी, दाढीचे खुंट वाढलेले आणि तोंड अखंड चालू. दुनियेत त्याला पसंत पडेल अशी एकही गोष्ट नव्हती. सरकार, सून, नवीन बसमार्ग, माशांचा आकार, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. पहिल्यांदा मी भाताचं ताट घेऊन जागा शोधत होतो, तर त्यानं पायानं खुर्ची सरकवली आणि जेवलास का म्हणून विचारलं. हातात ताट घेतलेल्या माणसाला! इथं ती विचारपूसच आहे, हे मला नंतर कळलं. माझ्या चष्म्याकडे बघून त्यानं मला प्रोफेसर करून टाकलं आणि मी कितीही सांगितलं तरी शेवटपर्यंत प्रोफेसरच ठेवलं. वयानं वडिलांएवढा, पण मनातल्या मनातसुद्धा त्याला अहो-जाहो करणं मला कधी जमलं नाही.

दुसरे पिल्ले अंकल. शाळेत पीटी शिकवायचे. पांढरी इस्त्रीची पॅंट, पांढरा शर्ट, पाठ ताठ. काळी बियर प्यायचे आणि ती औषध आहे असं सांगायचे. आ हुआतचं आणि त्यांचं कुठल्याही विषयावर कधीच जमलं नाही आणि दोघंही एक दिवस एकमेकांवाचून राहिले नाहीत. पिल्ले अंकल आले नाहीत तर आ हुआत भांडायला माणूस नाही म्हणून माझ्यावर घसरायचा.

आणि तिसरी मेई आंटी. ती गिऱ्हाईक नव्हती. बियर विकायला होती. अशा बायका इथं प्रत्येक कॉफीशॉपमध्ये असतात. बियर कंपनीचा लाल टी-शर्ट, कमरेला पिशवी, एका हाताच्या बोटांत तीन बाटल्यांच्या मानी. ती मलेशियातल्या इपोहची. नवरा कधीच सोडून गेलेला, मुलगा मोठा होऊन त्याच्या वाटेला लागलेला. पन्नाशी उलटली होती, गुडघे गेले होते आणि आवाज असा की रस्त्यापलीकडच्या ब्लॉकमधल्या माणसानं दचकावं. माझ्या अर्ध्या ग्लासाची तिला कीव यायची. इथं बियरमध्ये बर्फ घालतात म्हटल्यावर पुण्याचे मित्र हसून लोळले होते, पण इथल्या उकाड्यात बिनबर्फाची बियर म्हणजे काढाच. ग्लास रिकामा झाला की सगळे "आंटी, आइस!" म्हणून ओरडायचे आणि ती दुखरे गुडघे ओढत बर्फाची बादली घेऊन यायची.

फक्त आ हुआत ओरडायचा नाही. तो शिव्या घालत उठायचा आणि स्वतःचा बर्फ स्वतः आणायचा. येता येता आमचाही आणायचा. मला हे लक्षात यायला काही महिने लागले, पिल्ले अंकलनी डोळ्यांनी खुणावलं तेव्हा. बाकी दोघांत बोलणं म्हणजे नुसती भांडणं. ती त्याला म्हातारड्या म्हणायची, तो तिला भोंगा. पण चारला पाच मिनिटं कमी असताना तिची नजर पलीकडच्या ब्लॉककडे जायची. तो तिथून यायचा. घरी त्याची बायको होती, मुलगी येऊन-जाऊन असायची. त्यांच्यात काही होतं का, असं कुणी मला विचारलं तर नव्हतं म्हणेन. आणि सगळं होतं असंही म्हणेन.

मला येऊन दोन वर्षं व्हायच्या आतच अण्णा गेले. सकाळी अंघोळ करून बाहेर आले आणि खाली बसले ते उठलेच नाहीत. अक्काचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. मिळालं ते पहिलं विमान धरलं, तरी कराडला पोहोचलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी. आपल्याकडे थांबत नाहीत, तुम्हाला माहीतच आहे. आदल्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत सगळं उरकलं होतं. चुलतभावानं अग्नी दिला होता. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं. कुणी पिठलं आणतंय, कुणी भात आणतंय, मी कोपऱ्यात मुंडण केलेलं डोकं घेऊन बसलेला. रिकामं घर मी बघितलंच नाही. चौदाव्या दिवशी अक्कानं कुलूप लावलं आणि मी परत आलो.

आ हुआतनं माझ्या डोक्याकडे बघून विचारलं, मी सांगितलं. त्याला पटेचना. त्यांच्याकडे पाच-पाच दिवस ठेवतात. ग्लास खाली ठेवून तो म्हणाला, "एकुलता एक मुलगा विमानात आहे आणि तुम्ही लोक एक दिवस थांबू शकत नाही?" काय सांगू, तोंडात मारल्यासारखं झालं. त्याला काय कळतंय आमच्यातलं, असं म्हणून मी तरातरा वर गेलो आणि आठवडाभर दुसरीकडे जेवलो. राग त्याचा नव्हता. मलाही तेच म्हणायचं होतं आणि कुणाला म्हणणार? आठवड्यानं मी परत आलो तर कुणी काही विचारलं नाही. आ हुआतनं पायानं खुर्ची सरकवली.

पुढच्या वर्षी तो गेला. तोही असाच, बाथरूममध्ये, एकटाच असताना. समोरच्या ब्लॉकच्या व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, पांढरे-पिवळे पडदे लागले, मांडव पडला, गोल टेबलं आली. कॉफीशॉपच्या आणि मांडवाच्या मध्ये फक्त पार्किंग. मेई आंटी बाटल्या वाटत होती आणि तिथून तिला सगळं दिसत होतं. मंत्र ऐकू येत होते. टेबलावर मी आणि पिल्ले अंकल, दोघंच.

तिला जाता येत नव्हतं. लाल टी-शर्ट तर त्या मांडवात चालतच नाही, लाल हा त्यांचा आनंदाचा रंग, पण टी-शर्ट काय, बदलता येतो. खरं कारण आ हुआतची मुलगी. आदल्या वर्षी ती एकदा कॉफीशॉपमध्ये येऊन सगळ्यांदेखत आंटीला बोलली होती. तुम्हीच पाजून पाजून त्यांना मारणार, परत माझ्या घरच्यांच्या आसपास दिसू नका, असं काहीतरी. चिनीत बोलली, पण मला समजायला भाषा लागली नाही. मेई आंटी, जिचा आवाज कधी कुणापुढे खाली आला नव्हता, ती तेव्हा फडक्यानं टेबल पुसत राहिली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मला फ्रीजजवळ बोलावलं. म्हणाली, तू ऑफिसचा माणूस, शिकलेला, तुला कुणी अडवणार नाही. माझं एक काम कर. "चेहरा बघून ये. झोपल्यासारखा दिसतोय की दुखल्यासारखा, एवढं बघून ये." तो एकटा पडला होता, किती वेळ पडला होता कुणाला ठाऊक नव्हतं, आणि शेवटी त्याचे हाल झाले का हे तिला जाणून घ्यायचं होतं. दुसरं काही नको होतं.

मी गेलो. पिल्ले अंकलचे गुडघे त्या दिवशी धरले होते, म्हणून एकटाच गेलो. फोटोपुढे उदबत्ती लावली. बाकीचे लोक पडद्यामागे जात होते, तसा मीही गेलो. तिथं शवपेटी होती, झाकण लावलेली. मी काय केलं सांगू? आपण जे करतो तेच केलं. पायाच्या बाजूला गेलो, पेटीला हात लावला, वाकून नमस्कार केला आणि मागे फिरलो. बाहेर त्याची म्हातारी बायको बसली होती. तिनं मला खुर्ची दिली, भुईमुगाच्या शेंगांची बशी पुढे केली, सरबताचं पाकीट दिलं. आता मयताच्या घरी आपण पाण्याचा घोट तरी घेतो का? मी हात जोडून नको नको म्हणालो, वर आलो, डोक्यावरून अंघोळ केली आणि मग खाली आंटीपुढे जाऊन उभा राहिलो.

कसा दिसतो, तिनं विचारलं. मी म्हणालो, पेटी बंद आहे, मी पायाशी नमस्कार करून आलो. तिला कळेचना. पायाशी कशाला? पेटीच्या डोक्याकडच्या बाजूला काच असते, आत चेहरा दिसतो, सगळे तोच बघायला जातात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मला दिसलंही नव्हतं, कारण मी त्या बाजूला गेलोच नव्हतो. पिल्ले अंकलनी तिला समजावलं की यांच्यात पायाला मान असतो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसती मान हलवली आणि कुणीतरी आइस म्हणून ओरडलं तिकडे गेली.

मला त्या दिवशी स्वतःची इतकी चीड आली की जेवण गेलं नाही. एका बाईनं एवढंसं काम सांगितलं, आणि मी काय करून आलो तर माझे संस्कार दाखवून आलो!

दुसरा दिवस शनिवारचा, म्हणून सकाळीच परत गेलो. मुलगी दिसत नव्हती. यावेळी डोक्याच्या बाजूला गेलो आणि काचेतून बघितलं. पावडर लावलेला, दाढी गुळगुळीत केलेला, सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेला एक म्हातारा. ओठ मिटलेले. दुखल्यासारखा नव्हता. झोपल्यासारखाही नव्हता. मी मायबोलीत त्याला म्हणालो, काय रे हे, आणि मला रडू फुटलं. अण्णांसाठी जे आलं नव्हतं तेही तिथंच आलं, एका चिनी माणसाच्या पेटीजवळ, तोंडाला रुमाल लावून.

बाहेर म्हातारीनं परत बशी पुढे केली. यावेळी मी खाली बसलो आणि शेंगा सोलून खाल्ल्या. अण्णांनी मला माफ केलं असतं. तिथल्या मांडवात माणसांनी बसावं, खावं, बोलावं, म्हणजे गेलेल्याला एकटं वाटत नाही, असं ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली. काल मी काही न खाता पळालो तर तिला वाटलं होतं की हा कॉफीशॉपवाला आमच्यावर नाराज आहे. मग बराच वेळ शेंगा सोलत बसली आणि तिनं विचारलं, "तो तिथे बोलायचा?"

मी म्हणालो, तोंड मिटायचा नाही. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. घरी बोलायचा नाही, ती म्हणाली. वर्षानुवर्षं नाही. जेवायला वाढलं की जेवायचा, टीव्ही लावला की बघायचा. काय बोलायचा, ते मला सांग. मी सांगितलं. माशांचा आकार, बसचा मार्ग, क्रेनवर असताना वरून दिसणारा समुद्र. सुनेबद्दलचं गाळलं. ती एकेका गोष्टीला मान हलवत होती. मला वाटलं, मी हिला काही देत नाहीये, हिच्याकडून काहीतरी काढून घेतोय. पण तिला हवं होतं.

निघताना तिनं माझा हात धरला. म्हणाली, ती बियरवाली. उद्या सकाळी सातला तिला घेऊन ये, दहाला पेटी उचलणार आहेत. मुलगी आठच्या आधी खाली येत नाही. मी काही बोलणार नाही तिला, नुसती शेजारी बसेन.

तुम्हाला सांगतो, मी पार्किंग धावत ओलांडलं. मेई आंटी नुकतीच कामावर आली होती. आधी तिनं चेहऱ्याचं विचारलं. मी म्हणालो, शांत होता. ओठ मिटलेले होते, दाढी केलेली होती. तिनं विचारलं, सगळी बटणं लावलेली? मी हो म्हणालो. ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. मग मी म्हातारीचा निरोप सांगितला. उद्या सातला, तिनं विचारलं. मी म्हणालो, मी खाली थांबतो. ती म्हणाली, ओके, प्रोफेसर. आ हुआतशिवाय मला प्रोफेसर म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं, तिनं ते पहिल्यांदाच म्हटलं.

रविवारी सातला मी मांडवाच्या तोंडाशी उभा होतो. म्हातारीनं तिच्या शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. सव्वासात झाले, साडेसात झाले. आंटीचा फोन लागेना. आठला मुलगी खाली आली आणि त्या खुर्चीत बसली. दहाला पेटी उचलली. गाडी कॉफीशॉपवरून गेली तेव्हा पिल्ले अंकल कडेला ताठ उभे होते, शाळेतल्या झेंडावंदनाला उभं राहावं तसे.

मेई आंटी पहाटेच्या बसनं इपोहला निघून गेली होती. सामान फार नव्हतंच तिचं. पिल्ले अंकलना तिनं बसमधून फोन केला होता. ते त्यांनी मला सांगितलं, सांगताना कुठंतरी लांब बघत. ती म्हणाली होती, "प्रोफेसरनं जो माणूस बघितला तो गळ्यापर्यंत बटणं लावणारा होता. मी त्याला ओळखत नाही. माझा म्हातारडा अजून आलेला नाही, एवढंच. उशीर झालाय त्याला."

ती परत आली नाही. तिच्या जागी दुसरी बाई आली, तरुण, आवाज हळू. पिल्ले अंकलना त्यांच्या मुलानं पर्थला नेलं. अश्विनीचा पास झाला, आम्ही बुओना व्हिस्टाच्या कॉंडोत राहायला आलो, ईरा झाली, आता ती शाळेत जाते. हौगांगचं ते कॉफीशॉप म्हणे पार बदललं, नवीन टाइल्स, नवीन टेबलं. मी बघितलेलं नाही. सेरंगूनच्या मॉलपर्यंत आम्ही महिन्यातून एकदा जातो, तिथून हौगांग दोनच स्टेशनं लांब आहे. ईरा इथल्या पोरांच्या थाटात म्हणते, बाबा, जस्ट गो अँड सी लाह, इतकी गोष्ट सांगतोस तर. मी म्हणतो, पुढच्या वेळी.

तेव्हा मला मेई आंटीचा राग आला होता. एवढी तजवीज केली, म्हातारीनं खुर्ची ठेवली, आणि ही बया पळून गेली. आता येत नाही. जो आपल्या डोळ्यांनी बघतो त्याच्यासाठी माणूस मरतो. जो बघत नाही त्याच्यासाठी तो नुसता यायचा राहिलेला असतो. हे खोटं आहे हे तिला कळत होतं आणि मलाही कळतं. पण परदेशात राहणाऱ्या माणसाचं अर्धं घर असल्या खोट्यावर उभं असतं.

गेल्या आठवड्यात अक्काचा फोन आला. कराडच्या आमच्या दोन खोल्या भाड्याच्या, मालक आता इमारत पाडतोय. ती म्हणाली, अण्णा गेल्यापासून तू पुण्यावरूनच परत जातोस, एकदा येऊन बघून जा, नंतर बघायलाही काही राहणार नाही. मी म्हणालो, रजा मिळत नाही. ती म्हणाली, बरं, बघ कसं जमतंय ते. अश्विनी समोरच बसली होती. माझी किती रजा शिल्लक आहे ते तिला पक्कं ठाऊक आहे. तिनं उठून फक्त पंखा वाढवला.

तेव्हा गावाकडच्या मंडळींनो, तुमच्यापैकी कुणी स्टँडमागच्या त्या गल्लीतून गेलात, आणि आमची इमारत दिसली किंवा नाही दिसली, तर मेहेरबानी करा. मला काही कळवू नका.